बैठक

इतवारीत, लोहा ओळीच्या तोंडाशी
भांड्यांवर नावं घालायचं आमचं दुकान.
आंदणाची ताटं, देवळातल्या घंटा,
आणि दर साली थंडी उतरता उतरता
नाट्यस्पर्धेचा फिरता करंडक.

यंदा निमजे बाई आल्या, कॉलेजात शिकवतात त्या.
पिशवीतून काढली नुसती बैठक.
"कप?"
"गेला. दिवाळीत, मंडळाच्या कपाटातून."
शिसवीचं लाकूड, भोवती पितळेच्या पट्ट्या,
मधोमध स्क्रूचं भोक.
"यंदाची नावं घाला, कपाचं मागाहून बघू."

मी पट्टी कापायला घेतो.
बाई मोबाइलवर फोटो दाखवतात:
अथेन्स शहर, गल्लीचं वळण,
तिथं एक गोल दगडी देव्हारा, आत देव नाही.
सहा खांब भिंतीत अर्धे रुतलेले,
माथ्यावर दगडी पानांचा तुरा.
"त्या तुऱ्यावर काशाची तिवई होती,
गाणाऱ्या पोरांनी स्पर्धेत जिंकलेली.
ही अख्खी इमारत म्हणजे तिवईची बैठक."
"मग तिवई?"
"गेली."
आम्ही दोघंही बैठकीकडं पाहून हसलो.

दगडात कोरलंय म्हणे तिथं,
खर्च कोणी केला, पोरं कोणत्या जमातीची,
पावा कोणाचा, शिकवलं कोणी,
त्या साली गावचा कारभारी कोण.
गाणं रचणाऱ्याचं नाव नाही.
"काऊन?"
बाई म्हणाल्या, "जागा नसेल."
जागेचं मला सांगा.
एका पट्टीवर पाच ओळी, ओळीत सोळा अक्षरं,
आणि 'दिग्दर्शक' कोरताना
आजही जीभ बाहेर येते माझी.

बैठक फिरवतो.
एकाहत्तरची पट्टी बाबाच्या हातची,
अक्षरं कवायतीला उभी केल्यासारखी.
शहाऐंशी: खर्च – भैयाजी खापेकर, मंडपवाले.
ऐन लग्नसराईत त्यांनी पडदे नाटकाला दिले,
तालीम त्यांच्याच गोदामात, वर कबुतरं.
चौऱ्याण्णव: क्लॅरिनेट – महादेव सोरटे.
सोरते पाहिजे होतं.
हात माझा, नवा होता.

तो बँडवाला, तालमीला यायचा
वरातीच्या लाल कोटातच.
मी म्हटलं, काका, पट्टी बदलून देतो, फुकट.
तर म्हणे, "राहू दे बे.
सोरते बारा वर्षं वराती वाजवून राह्यला,
बक्षीस भेटलं ते ह्या सोरटेला."
मग दर थंडीत यायचा,
चष्मा कपाळावर ढकलून
त्या 'ट'वर अंगठा फिरवायचा:
"कसा हाये आमचा सोरटे?"
तीन साल झाले, आला नाही.

बाई अजून सांगतच होत्या.
अशा तिवयांचा एक सबंध रस्ता होता,
रस्त्याचं नावच तिवयांचं.
बाकीच्यांचे दगड कोणाच्या ओट्याला लागले,
कोणाच्या चुलीला, कोणास ठाऊक.
ह्या एकाभोवती मठ झाला,
साधूंनी आत पुस्तकं रचली,
अंगणात टमाटे लावले.
म्हणून हा उरला.
मला ते टमाटे आवडले.
शेर दोन शेर तरी निघत असतील.

बाईंनी कागद दिला.
खर्च, दिग्दर्शक, दिवे, पेटी,
रंगभूषा, लेखक.
"सहा होतात, बाई. एक ओळ कमी करा."
त्यांनी माझाच पेन घेतला,
शेवटल्या ओळीवर रेघ मारली.
रेघेखालून नाव वाचता येत होतं:
कुंदा निमजे.
मी वर पाहिलं नाही.
बाहेर हातगाडीवाला लोखंडी सळया ओढत होता,
त्या आवाजात काही बोलताही आलं नसतं.

बिल आम्ही अक्षरांवर लावतो.
आठ अक्षरं कमी.

बाई गेल्यावर बैठक पालथी केली.
भोकात भुसा बसला होता,
फुंकून काढला.
कप कोणी आणलाच,
तर स्क्रू नीट बसावा.